अंजनाला जामीन कोण?

१२ जानेवारी १९४६

आज पुन्हा! आणि तेही ऐन जेवणाच्या वेळी. भाकरी करपली एवढंच निमित्त. नाथाजीनं ताट सारलं, उठला, आत गेला. मग अंजनाच्या बांगड्यांचा आवाज, मग तिचा.

मी सोप्यात. घास हातात तसाच. उठून आत जावं असं वाटलं—पण जाणार कसा? नाथाजी सख्खा धाकटा भाऊ असला तरी अंजना त्याची बायको, आणि मी थोरला दीर. आमच्यात थोरल्या दिरानं भावजयीचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. आत पाऊल टाकायचं तर आधी खाकरायचं, म्हणजे ती पदर ओढून बाजूला होते. त्यांचं लग्न झालं तेव्हा मी पलटणीबरोबर इटलीत होतो. पलटण सोडून घरी येऊन तीन महिने झाले, पण ती दिसते कशी हे मला अजून माहीत नाही. पायांतली जोडवी ओळखतो, बस्स.

आई शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "नवराबायकूचं हाय, लाला. तू जेव." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

काय करावं सुचेना, आणि खाकरलो. मुद्दाम नव्हे, सवयीनं. आणि काय आश्चर्य—आत सगळं थांबलं! नाथाजी बाहेर आला, मान खाली घालून तांब्याभर पाणी प्यायला आणि रानात निघून गेला.

१६ जानेवारी

आजवर तीनदा खाकरलो, तिन्ही वेळा थांबलं. एक गोळी न झाडता! मनुबाईला म्हटलं, "पलटणीतसुद्धा माझा शब्द इतका चालत नव्हता." मनुबाई माझी बायको—हसली नाही. तिला माझी गंमत कधीच कळत नाही.

पलटणीत हवालदार होतो, कारकुनी केली. तिथं प्रत्येक गोष्टीला लेखी हुकूम लागायचा—बूट कुठे ठेवायचे, सलाम कुणाला करायचा. इथं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. बायकोला किती मारायचं, कशासाठी मारलेलं चालतं, सोडवायला कोणी जायचं, कोणी जायचं नाही—सगळ्या गावाला पाठ! शेजारच्या बायका दारापर्यंत येतात. डोक्याला लागलं असेल तर हळद घेऊन आत येतात. नुसत्या पाठीवर असेल तर परत जातात. कोण शिकवतं हे? मीही याच गावचा, मलाही येतं, पण कधी शिकलो ते आठवत नाही.

२९ जानेवारी

पंधरा दिवस घरात आवाज नाही. आई म्हणते, अंजना सुधारली. मी म्हणतो, नाथाजी सुधारला.

४ फेब्रुवारी

आपलं गुऱ्हाळ सुरू झालं. दिवसभर तिथंच होतो. रस चांगला उतरतो आहे. नाथाजी कामाला वाघ! पहाटेपासून चरकावर उभा, पण बैलांना आसूड लावत नाही. नुसतं चुचकारतो, पाठीवर हात फिरवतो. येणारा-जाणारा म्हणतो, जनावराला जीव लावावा तर नाथानं. रस आटवायच्या काहिलीवर, म्हणजे मोठ्या कढईवर, गुळव्या याकूब. पाक कधी उतरवायचा हे त्याच्याइतकं दहा गावांत कुणाला कळत नाही. बायका चिपाडं वाळत घालतात, वाळलेली काहिलीखालच्या चुलवणाकडे आणून टाकतात. अंजनाही त्यांत असते. मी असलो की तिचा पदर नाकाच्या खाली. त्या पदरातून तिला चुलवण कसं दिसतं कोण जाणे.

दुपारी मानसिंग आला. रस प्यायला येतो आणि विष पेरून जातो असा माणूस. नाथाजीला म्हणतो, "काय गड्या, हवालदार आल्यापासनं तुज्या घरातनं आवाज न्हाई. बायकूनं मुठीत घेतलं काय रं?"

सगळे हसले. नाथाजीही हसला, पण चेहरा उतरला त्याचा. मीसुद्धा हसलो. न हसून काय करणार—सगळे हसत होते.

११ फेब्रुवारी

आज जे कळलं ते लिहायलाही लाज वाटते.

हुसेनबी बांगड्या भरायला आली होती. याकूबची आई. गावातल्या सगळ्या बायकांचे हात तिला पाठ. अंजनाला संक्रांतीला भरल्या होत्या, परवा पुन्हा भरल्या, आज तिसऱ्यांदा. निघताना सोप्यात माझ्यासमोर उभी राहिली. वयानं मोठी, भीडभाड नाही.

"हवालदार, तुमच्या घरात बांगड्या लय फुटत्यात."

म्हटलं, "हुसेनबी, घरात तर महिनाभर आवाज नाही."

"घरात कशाला फुटतील? गुऱ्हाळावर चिपाडाच्या गंजीमागं जाऊन बघा. काचा वेचाया टोपली न्यावी लागंल."

गेलो. होत्या. हिरव्या काचा.

मनुबाईला विचारलं, तुला माहीत होतं? ती जोंधळे पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ठावं हाय की. तुमी खाकरता न्हवं? तुमास्नी तरास नको म्हणून भावजी तिला तिकडं नेत्यात. तिला बी सांगितलंय, तोंडातनं आवाज काढायचा न्हाई, दादाच्या कानावर जातंय."

म्हणजे माझ्या खाकरण्यानं मार थांबला नव्हता. फक्त माझ्यापासून लांब गेला होता. घरापासून पाच-पन्नास पावलांवर गंजीमागे, जिथं हळद घेऊन शेजारीणही येत नाही! आणि मी इथं बसून तीनदा, चारदा म्हणून फुशारकी मारत होतो. गाढव!

१२ फेब्रुवारी

नाथाजीला रानात गाठलं. बोललो. तो भांडला नाही—भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या पायांना हात लावला.

"दादा, तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून लय जपलं. कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं हे त्याला महत्त्वाचं! म्हटलं, मारू नकोस. का मारतोस? त्यानं खरंच विचार केला. ढेकूळ पायानं फोडत उभा राहिला. मग म्हणाला, "ती वाईट न्हाई, दादा. पर लोकं बघत्यात. समदी म्हणत्यात, जतची दुष्काळी पोरगी, हितं ऊस बघून माजली. एकदा बायकू डोक्यावर बसली की चावडीवर मला कोण इचारंल?"

म्हणजे तो अंजनाला मारत नाही, चावडीला दाखवतो आहे! मी म्हटलं, माझी शपथ आहे तुला. "बरं," म्हणाला. तो मला कधीच नाही म्हणत नाही.

संध्याकाळी आईनं मला ऐकवलं. "तुज्या बापाचा एक सण मला मारल्याबिगर गेला न्हाई. पर टाकली न्हाई मला. शेवटपातूर नांदवली." हे ती अभिमानानं सांगते. वडिलांबद्दल मी आजवर एवढंच ऐकलं होतं की ते फार कडक शिस्तीचे होते.

२० फेब्रुवारी

शांत. पण आता शांततेवर माझा विश्वास नाही. आज पुन्हा गंजीमागे जाऊन बघितलं. काही नव्हतं.

२६ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपार. शेवटचं आधण. काहील उकळत होती. हुसेनबी काकवी न्यायला आली होती. तिनं अंजनाला काहीतरी थट्टेनं म्हटलं आणि अंजना हसली. मोठ्यानं. पदराआडून. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मानसिंग रसाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "नाथा, तुजी बायकू लय हसाया लागली रं आजकाल."

एवढंच. एवढंच बोलला तो!

नाथाजी चरक सोडून आला आणि तिला ढकललं. मारलंसुद्धा नाही—शपथ पाळली म्हणायची. ती काहिलीच्या काठावर गेली, तोल सावरायला डावा हात टेकला, तो कोपरापर्यंत पाकात.

मी पाच पावलांवर होतो. माझा हात पुढे झाला आणि थांबला. थोरल्या दिरानं भावजयीला शिवायचं नाही. तिचा हात जळत होता आणि माझ्या मनात हे आलं! आणि मी काय केलं? खाकरलो. हो, खाकरलो. दुसरं कुणी हे लिहून ठेवणार नाही म्हणून मीच लिहितो. इटलीत तोफांखाली कागद सांभाळत बसलेला हवालदार भर दुपारी दहा माणसांत उभा राहून खाकरला.

याकूबनं तिला ओढलं. हौदाच्या पाण्यात हात बुडवून धरला. "बघताय काय, गाडी जुपा!" असं तोच ओरडला. मग सगळे हलले.

२७ फेब्रुवारी

मनुबाई आणि हुसेनबी तिला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेल्या. गाडीनं मोटारीच्या रस्त्यापर्यंत, पुढे कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारीनं. मीही बरोबर होतो, पुढच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून.

डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मनुबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पाय घसरला.

तिथूनच तिच्या वडिलांना, गुंडाभाऊंना पत्र टाकलं. आईनं निघताना बजावलं होतं, घराची अब्रू राख. माझं अक्षर चांगलं. 'चि. अंजना गुऱ्हाळावर पाय घसरून पडली, काळजी नसावी.' पलटणीत असताना मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहायचो, तीही अशीच नीटस असायची.

३ मार्च

गावात दोन गोष्टींची चर्चा. एक, गुऱ्हाळात असं व्हायचंच. दुसरी, याकूबनं परक्या बाईचा दंड धरला—बरं दिसतं का ते? नाथाजीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

६ मार्च

गुंडाभाऊ आले, दवाखान्यातूनच मुलीला जतकडे घेऊन गेले. मला एवढंच म्हणाले, "तुमचं पत्र वाचून घेतलं. अक्षर लय चांगलं हाय."

२२ मार्च

आई रोज मागे लागते: सुनेला आणा. लोक विचारतात. नाथाजी परवा बैलाला पाणी पाजताना रडत होता, मला बघून तोंड धुतलं. त्याला तिची आठवण येते आहे हे मला कळतं. आली की पुन्हा मारेल हेही कळतं. दोन्ही एकाच माणसात कसं राहतं? पण राहतं खरं.

आज गुंडाभाऊंचा निरोप आला. जामीन दिल्याशिवाय मुलगी धाडणार नाही.

जामीन म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. मुलगी मार खाऊन माहेरी गेली की सासरचा एक माणूस दोन्हीकडच्या पंचांसमोर शब्द देतो—हिच्या अंगाला पुन्हा हात लागणार नाही, लागला तर मी स्वतः हिला माहेरी आणून सोडीन. कागद नाही, काही नाही. फक्त शब्द. पण मुलीला तो माणूस पसंत पाहिजे. सबंध रिवाजात बाईला विचारतात ते एवढंच.

गावचे पाटील आप्पासो म्हणाले, "हवालदार हाय की घरात. दुसरा कशाला धुंडायचा?" बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. त्या दिवशी अर्ध्यावर थांबलेला हात आता पुढे करता येईल.

२ एप्रिल, जतजवळ

आम्ही चौघं आलो—आप्पासो, मानसिंग, नाथाजी, मी. सांगलीहून पुढे मोटारीत धूळच धूळ. मग मेंढरं, माळ, कुठे कुठे वाळलेला कडबा. माणसं अर्धं कानडी बोलतात. आमच्याकडचा ऊस इथं कुणाला सांगितला तर खोटा वाटावा.

बैठक देवळासमोर. गुंडाभाऊंनी आधी गूळपाणी दिलं, मग बोलले. "पोरगी ठिवून घ्यायला मला जड न्हाई. पर मागं दोन पोरी लग्नाच्या हायत. एक नांदत न्हाई म्हटल्यावर बाकीच्यांस्नी कोण इचारणार? म्हणून म्हणतो, जामीन द्या आन न्या. पर जामीन असला पायजे की माजी झोप मोडली न्हाई पायजे."

मी उभा राहिलो. म्हणालो, मी राहतो. आप्पासोंनी माझ्या पलटणीचं, इटलीचं, बिल्ल्यांचं सगळं सांगितलं. तिथले पंच माना हलवत होते. गुंडाभाऊंचा चेहरा सैल झाला. मग रीतीप्रमाणे विचारलं, "पोरी, तुला पसंत हाय का?"

अंजना देवळाच्या खांबाआड होती. आतून आवाज आला. मी तिचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. घोगरा, सावकाश आवाज.

"दादांचा जामीन नको."

सगळे चमकले. आप्पासो म्हणाले, "का गं? देवमाणूस हाय."

पुन्हा खांबाआडून—"मला मारताना ह्ये म्हणत्यात, आमच्या घरात बायका अशाच सरळ केल्यात. दादानं वैनीला केली तशी. थोरल्या जाऊबाईस्नी, आक्कास्नी इचारा. ज्येचा मार आक्कांनी खाल्ला, त्येचा जामीन मी कसा घिऊ?"

मानसिंग हसला. आणखी एक-दोघं हसले. नाथाजी जमिनीकडे बघत होता. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि मीही कुणाकडे बघितलं नाही.

ठरलं असं: पोरगी लहान आहे, रागात बोलली. हवालदारानं आपल्या गावच्या पंचांसमोर बेलभंडार उचलून शपथेवर म्हणायचं, 'माझ्या घरात बाईवर हात उठत नाही, मी उठवला नाही, उठू देणार नाही.' एवढं झालं की गुंडाभाऊ मुलगी धाडतील. वीस तारीख ठरली.

४ एप्रिल

घरी. दोन दिवस डोकं तापलेलं. काय पण मुलगी! मी तिच्या बाजूनं उभा राहतो आणि ही मलाच चारचौघांत—उपकाराची जाण नाही!

मी मारलं? कधी? एकदा असेल. लग्न नवीन होतं. रजेवर आलो होतो तेव्हा एकदा. तेव्हा वय काय होतं माझं! आणि ते मारणं नाथाजीसारखं नव्हतं. मी शुद्धीवर असायचो, कारण असायचं.

एकदाच मारलं—'मारायचो' नव्हे. वर काय लिहिलं? 'असायचो.' खोडत नाही. राहू दे.

५ एप्रिल

मनुबाईला विचारलं. परसात लुगडं वाळत घालत होती. सरळ विचारलं, मी तुला कितीदा मारलं?

"आल्यापासनं न्हाई," ती म्हणाली.

"त्याआधी?"

"त्याआधीचं तुमी इसरला आसाल." लुगड्याची चुणी झटकली. "मला इसरून कसं चालंल? तुमचा हात कवा उठतो ह्ये मला ठावं असाया पायजे."

म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, बनूच्या वेळी आठवा महिना होता, ओट्यावरून ढकललं होतं, दोन दिवस उठता आलं नाही. मी म्हणालो, तू पडली होतीस! तिनं दुसरं लुगडं पिळायला घेतलं. मग माझं मलाच आठवलं—'पडली' असं लोकांना मीच सांगितलं होतं. आईला, तिच्या भावाला, दाईला. इतक्यांना सांगितलं की शेवटी मलाही तसंच आठवायला लागलं.

मग ती बोलली. सतरा वर्षांत इतकं कधी बोलली नव्हती. "तुमी लामावर, लढाईला निघाला तवा समद्या बायका रडत हुत्या. मी बी रडले. लोकं बघत हुती न्हवं." आणि बनूच्या लग्नाचं. पोरीचं लग्न मी लढाईवर असताना झालं, शिरवळला दिली. मनुबाई म्हणाली, "मी पोरगा बघितला न्हाई. त्येच्या आईचा हात बघितला. हातातल्या बांगड्या लय जुन्या हुत्या, पार झिजलेल्या. म्हटलं, हितं द्यायची."

मी परसात उभाच. ती बादली उचलून आत गेली.

६ एप्रिल

नाथाजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. ओट्यासमोर गाय बांधत होता. ते आता आठवतं आहे. आणि आईही तिथंच होती.

१४ एप्रिल

आप्पासो स्वतः घरी आले. "हवालदार, येक वाक्य म्हणायचंय. तोंडातनं जाईस्तवर संपतंय. आन बायकूला कवातरी येक ठिवून देणं म्हंजी काय हात उठवणं हाय व्हय? ते घरचं. बेलभंडार काय त्येच्यासाठी नसतो."

खरंच, वाक्य लहान आहे. ते म्हटलं तर अंजना परत येईल, नाथाजीचा चेहरा फुलेल, आई गप्प होईल, गुंडाभाऊंच्या पोरींची लग्नं जमतील. सगळ्यांचंच भलं—एकट्या अंजनाचं सोडून. आणि मी डोळ्यांत तेल घालून राखण करीन. करीन ना? गंजीमागे जाऊन काचा बघेन. एवढंच करता आलं होतं मला.

न म्हटलं तर? तर चारचौघांत सांगावं लागेल. तोफांना एवढा घाबरलो नव्हतो.

१९ एप्रिल

मनुबाईला विचारलं, उद्या काय करू? म्हणाली, "माज्या इचारानं कवा काय केलंय?" यात राग नव्हता. खरोखरच आठवून बघत होती असं वाटलं.

२० एप्रिल

चावडी भरलेली. गुंडाभाऊ सकाळीच आले होते. अंजना माहेरीच. पाटावर बेल आणि भंडारा. मानसिंग पुढेच बसलेला. नाथाजीनं धुतलेला सदरा घातला होता, सुनेला आणायला निघाल्यासारखी आईची घरात लगबग चालली होती.

मी उचलला नाही. म्हणालो, "मला हा बेलभंडार उचलता येणार नाही. मी माझ्या बायकोला मारलं आहे. पोटुशी असताना ओट्यावरून ढकललं आहे. नाथाजी माझ्याकडूनच शिकला. आणि गुंडाभाऊ, अंजना घसरून पडली नव्हती, पत्र खोटं होतं. त्यानं ढकललं. मी बघत होतो."

मला वाटलं होतं, आता धरणी दुभंगेल. काहीही झालं नाही! कुणी दचकलंसुद्धा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "हात्तिच्या, येवढंच?" हशा पिकला. मानसिंग म्हणाला, "आवं हवालदार, मग हितं बसलेल्या कुणी न्हाई मारलं? तसं म्हटलं तर गावात कुणालाच जामीन ऱ्हाता यायचं न्हाई."

हसत हसतच म्हणाला. पण ते म्हणून झाल्यावर हशा हळूहळू थांबला. एकेकजण इकडेतिकडे बघायला लागला. आप्पासोंनी सबंध चावडीवरून नजर फिरवली, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत. कुणी नजरेला नजर दिली नाही. शेवटी त्यांनीही आपल्या पायांतल्या वहाणांकडे बघितलं.

गुंडाभाऊ उठले. मुंडासं बांधलं. "मग पोरगी माज्याजवळ ऱ्हाईल. मागल्या पोरींचं काय व्हायचं ते हुईल." एवढं बोलून देवळाकडे गेले. सकाळच्या मोटारीनं जाणार आहेत.

नाथाजी माझ्याशी बोलत नाही. आईनं माझं ताट वेगळं वाढलं. मानसिंगचा राग सगळ्यांपेक्षा जास्त—"बायकांस्नी कळलं तर उद्या समद्या जामीन मागतील." पण मला हलकं वाटतं आहे. खूप वर्षांनी. अंजना वाचली, आणि मी खरं बोललो. मनुबाईलाही बरं वाटलं असेल.

२१ एप्रिल

मनुबाई गेली. सकाळी गाठोडं घेऊन गुंडाभाऊंबरोबर मोटारीत बसली. म्हणाली, "अंजनाचा हात अजून वळत न्हाई, भाकरी कोण थापणार तिला." मी म्हणालो, बरं, आठ दिवसांनी न्यायला येतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "या. पर येताना जामीन घिऊन या."

सकाळपासून गावातला एकेक माणूस आठवून बघतो आहे.